खा. पा.

आमचं ऑफिस तेव्हा नाशिकला अशोकस्तंभाजवळ होतं. त्यामुळे डेटाबेसच्या टेबलातून एखादा कॉलम काढायची वेळ आली की कुणीतरी हमखास म्हणायचं, "स्तंभ काढताय? मग उद्यापासून रिक्षावाल्याला काय सांगायचं?" विनोद पहिल्या वर्षीच शिळा झाला होता, पण शिळ्या विनोदांवरच ऑफिसं चालतात. पाठ्यपुस्तकांत कॉलमला स्तंभ म्हणतात. मला मात्र रकाना हा शब्द आवडतो. स्तंभ म्हटलं की वर काहीतरी उभं आहे असं वाटतं. रकाना म्हणजे वहीत पट्टी धरून आखलेली जागा. भरली तर भरली, नाही तर कोरी राहिली.

मी गेली बरीच वर्षं लोकांचे डेटाबेस सांभाळते. त्यातलं एक काम द्राक्षांच्या एका व्यापाऱ्याचं होतं. निफाड-दिंडोरीकडच्या बागांमधून माल घ्यायचा, पॅकहाऊसमध्ये निवडायचा, खोक्यांत भरून पुढे पाठवायचा, आणि हंगाम सरताना शेतकऱ्यांचा हिशोब चुकता करायचा. त्यांचं 'शेतकरी' नावाचं टेबल मी हातात घेतलं तेव्हा त्याला साठच्या वर कॉलम होते. फॅक्स, पेजर, 'चाचणी२', 'चाचणी२_नवीन'. प्रत्येक जुन्या टेबलात असा एक माळा असतो, आणि तो आवरायची हौस आमच्या धंद्यातल्या लोकांना घरच्या माळ्यापेक्षा जास्त असते. घरचा माळा अजून तसाच आहे.

द्राक्षवाल्यांना ऑगस्टमध्ये घाई नसते. ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे घडांसाठीची, व्हायची असते, माल निघायला जानेवारी उजाडतो. म्हणून साफसफाई ऑगस्टमध्ये ठरली. काढायच्या यादीत शेवटून तिसरा कॉलम होता 'खापा'. आकडा साठवणारा, पाचातल्या चार नोंदींमध्ये रिकामा. कोडमध्ये शोधला, कुठेच नाही. कुठल्या स्क्रीनवर नाही, कुठल्या छापील रिपोर्टमध्ये नाही. एक नवा मुलगा म्हणाला, "मॅडम, खापा म्हणजे टोमॅटोचे काप असतील." हसलो आणि नाव यादीत ठेवलं. खरं तर मालकांच्या ऑफिसात एक फोन केला असता तरी चाललं असतं. तो केला नाही, कारण विचारण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही.

ज्या संध्याकाळी हे काम करायचं होतं त्याच दिवशी गंगापूर धरणातून पाणी सोडलं. नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात आणि तिचा पूर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. गुडघ्यापर्यंत आलं, कमरेला लागलं, छातीवर गेलं. बाकी कुठल्या आकड्याची गरज पडत नाही. चार वाजता बातमी आली की कमरेला लागलंय. पंचवटीत राहणारा आमचा सहकारी लगेच उठला. रामसेतू पूल पाण्याखाली गेलाच होता, होळकर पूलही बंद झाला तर रात्र ऑफिसात काढायची वेळ आली असती. मी गंगापूर रोडवर राहते, पूल ओलांडायचा नाही, म्हणून थांबले.

पेजर गेला, फॅक्स गेला, दोन्ही चाचण्या गेल्या. मग खापाची पाळी आली. ऑल्टर टेबल, ड्रॉप कॉलम, म्हणजे टेबल बदल, कॉलम काढ. एंटर, आणि काहीच नाही. एररही नाही. कर्सर लुकलुकत राहिला. एक मिनिट, तीन मिनिटं, दहा. दुसऱ्या खिडकीतून चालू कामांची यादी काढली तर माझ्या आज्ञेपुढे लिहिलेलं: 'वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक'.

हे कुलूप पुष्कळांना माहीत नसतं, आणि म्हणून ते फार छळतं. एखाद्याने टेबलातून नुसतं काही वाचलं तरी, त्याचा व्यवहार, म्हणजे ट्रँझॅक्शन, पूर्ण होईपर्यंत, टेबलाचा आकार बदलायला मायएसक्यूएल, म्हणजे आमचा डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर, कुणालाच परवानगी देत नाही. वाचणाऱ्याच्या हातातल्या पानावरचे रकाने मध्येच हलायला नकोत, इतकी साधी गोष्ट. पण त्यामुळे ऑल्टर टेबल दारात ताटकळत उभं राहतं. त्याहून वाईट म्हणजे त्याच्यानंतर आलेले साधे वाचायला आलेलेही त्याच्या मागे रांगेत लागतात. सिटी लिंकच्या बसच्या दारात एक जण मोठं बोचकं घेऊन अडकला की मागच्या सगळ्यांचं होतं, तसं. आणि ही वाट बघण्याची मुदत किती? मुळात ठरवलेली मुदत ३,१५,३६,००० सेकंद. मी एकदा भागाकार केला होता. बरोबर ३६५ दिवस येतात. म्हणजे मी काही केलं नसतं तर ते यंत्र पुढच्या पुरापर्यंत नम्रपणे उभं राहिलं असतं.

अडवणारा कोण, हे यादीत सरळ दिसत नाही. तो तिथे 'स्लीप' असं लावून निजलेला असतो. परफॉर्मन्स स्कीमामधल्या मेटाडेटा लॉक्सच्या टेबलात पाहिलं तेव्हा पत्ता लागला: शेजारच्याच डेस्कवरचं मशीन. पंचवटीला पळालेल्या आमच्या सहकाऱ्याने दुपारी एक सिलेक्ट, म्हणजे वाचायची आज्ञा, चालवलं होतं. त्याच्या टूलमध्ये ऑटोकमिट, म्हणजे व्यवहार आपोआप पूर्ण करणं, बंद, त्यामुळे व्यवहार उघडाच राहिलेला, आणि तो घाईत स्क्रीन लॉक करून निघून गेलेला. मी त्याला फोन केला. म्हणाला, "खिडकी बंद करायची राहिली का? इथे आम्ही सामान वरच्या मजल्यावर नेतोय." त्याच्या कनेक्शनचा क्रमांक शोधून ते तोडून टाकलं. रांग सुटली.

आणि लगेच एरर आली. १०६२, ड्युप्लिकेट एंट्री. म्हणजे दोन नोंदी सारख्या होत आहेत.

मी तर कॉलम काढत होते, नोंद घालत नव्हते. मग दुहेरी कुठून आली? टेबलाची घडण काढून पाहिली तर 'गाव' आणि 'खापा' या दोघांवर मिळून एक युनिक इंडेक्स होता, म्हणजे ही जोडी दोन नोंदींत सारखी नको असा नियम. कॉलम काढला की मायएसक्यूएल तो ज्या ज्या इंडेक्समध्ये असेल तिथूनही त्याला वगळतं आणि उरलेल्यांवर इंडेक्स तसाच ठेवायला बघतं. खापा गेल्यावर उरला नुसता गाव. एका गावात एकच शेतकरी असा नियम झाला. साहजिकच पहिल्याच गावाला अडलं. (मायएसक्यूएलचं भावंड मारियाडीबी इथे जास्त शहाणपणाने वागतं. अनेक कॉलमच्या युनिक नियमातला एक कॉलम असा ओढून काढूच देत नाही.)

उपाय सोपा होता. आधी इंडेक्स काढा, मग कॉलम. दोन ओळी. इंडेक्स गेल्यावर कॉलम तर क्षणात गेला, कारण मायएसक्यूएलच्या ८.०.२९ पासून कॉलम काढताना सगळं टेबल नव्याने लिहावं लागत नाही. रात्री अकराच्या सुमारास मी कुलूप लावून निघाले. पाणी छातीवर गेलंय, असं पानटपरीवर चाललं होतं.

आता मागे वळून पाहताना त्या एररचा राग येत नाही, माझा येतो. कधीतरी कुणीतरी विचारपूर्वक लिहून ठेवलं होतं की गाव आणि खापा मिळून माणूस ओळखला जातो, दोन माणसांना ही जोडी सारखी असणार नाही. रिकाम्या, बिनकामाच्या, टोमॅटोच्या कापांवर कुणी असा नियम घालत नाही. डेटाबेस मला त्या कॉलमचा अर्थ सांगत होता. मी फक्त तो कसा ओलांडायचा ते पाहिलं.

ही खोड एकट्या माझी नाही. एरर आली की तिचा क्रमांक शोधायचा, पहिला उपाय उचलायचा, चिकटवायचा. माझ्या पहिल्या नोकरीत एसक्यूएल सर्व्हर हा दुसरा डेटाबेस होता. तिथे कॉलम काढायला गेलं की ५०७४ आणि ४९२२ अशी जोडी यायची: अमुक वस्तू या कॉलमवर अवलंबून आहे, सबब काढता येत नाही. ती अमुक वस्तू म्हणजे बहुतेक वेळा 'डीएफ' ने सुरू होणारं, शेवटी अगम्य अक्षरं-आकडे असलेलं एक नाव. कॉलमला मूळ किंमत ठरवून दिली की एसक्यूएल सर्व्हर तिला स्वतंत्र नियम मानतो, आणि तुम्ही नाव दिलं नाही तर स्वतःच काहीतरी ठेवतो. प्रत्येक सर्व्हरवर वेगळं. त्यामुळे चाचणीच्या मशीनवर सुरळीत चाललेली स्क्रिप्ट खऱ्या मशीनवर तोंडावर आपटायची. बारसं वेळेवर केलं नाही की असं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक नियमाला स्वतः नाव ठेवते.

पोस्टग्रेस हा आणखी एक डेटाबेस, तो जास्त बोलका आहे. कॉलमवर एखादा व्ह्यू, म्हणजे टेबलांतून निवडून दाखवायची जतन केलेली यादी, उभा असेल तर तो काढू देत नाही, कोण अवलंबून आहे ते नावानिशी सांगतो, आणि खाली सुचवतो की कॅस्केड वापरा म्हणजे तेही सगळे जातील. हा सल्ला खरा आहे आणि घातक आहे. मी एकदा तो ऐकला, आणि एका व्ह्यूवर उभा असलेला दुसरा व्ह्यू, त्याच्यावरचा तिसरा, असे तीनही गेले. वाचले ते एवढ्यासाठी, की पोस्टग्रेसमध्ये हे सगळं व्यवहाराच्या आत करता येतं. रोलबॅक म्हटलं की घर पुन्हा जसंच्या तसं. मायएसक्यूएलमध्ये ही सोय नाही. तिथे ऑल्टर टेबल चाललं की आधीचं सगळं आपोआप कायम होतं. म्हणून दहा ओळींची स्क्रिप्ट सहाव्या ओळीला पडली आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून चालवली की १०९१ येते: काढायला सांगताय तो कॉलम आहे का ते बघा. नसतोच, मघाशी गेलेला असतो.

पोस्टग्रेसची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तिथे काढलेला कॉलम लगेच जात नाही. त्याच्या नावाच्या जागी ठिपके, 'पीजी ड्रॉप्ड', क्रमांक, पुन्हा ठिपके असं काहीतरी येतं आणि तो 'काढलेला' म्हणून नोंदला जातो. जुन्या ओळींमध्ये त्याचा मजकूर तसाच पडून असतो, त्या ओळी पुन्हा लिहिल्या जातील तेव्हा जातो. एका टेबलाला १६०० कॉलमची मर्यादा आहे आणि तिच्यात हे गेलेलेही मोजले जातात. भद्रकालीतल्या आमच्या आजोळच्या वाड्यात एक खोली अशीच होती. भाडेकरू कधीचा गेलेला, कुलूप त्याचं, आणि नळपट्टी वाटताना बिऱ्हाडं मोजली की ती खोलीही मोजायची.

एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचं काय सांगावं. बागांवर फिरणाऱ्या आमच्या माणसांच्या फोनमधल्या ॲपचा डेटा त्यात असतो. कॉलम काढण्याची सोयच त्याला मार्च २०२१ मध्ये, ३.३५ आवृत्तीत मिळाली. जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये त्याआधीची आवृत्ती असते, तिथे 'ड्रॉप' या शब्दापाशीच वाक्यरचना चुकली म्हणून सांगतं. मग नवं टेबल करा, हवं तेवढं त्यात ओता, जुनं काढा, नव्याला जुन्याचं नाव द्या. कंटाळवाणं, पण या कंटाळ्यात माणूस प्रत्येक कॉलमचं नाव एकदा हाताने लिहितो, आणि लिहिता लिहिता कधी कधी विचारतो की हा काय आहे.

पण या सगळ्या ओरडणाऱ्या चुका. मायएसक्यूएलमध्ये व्ह्यू ओरडत नाही. कॉलम निघून जातो, आणि व्ह्यू मोडलाय हे तो पुढच्या वेळी कुणी उघडेल तेव्हा कळतं. ट्रिगरचंही, म्हणजे नोंद आली की आपोआप चालणाऱ्या आज्ञांचंही, तसंच. नवी नोंद येईपर्यंत सगळं आलबेल. आणि डेटाबेसच्या बाहेर जे त्या कॉलमवर उभं असतं, त्याची तर डेटाबेसला गंधवार्ताही नसते.

जानेवारीच्या शेवटी माल सुरू झाला. फेब्रुवारीत मालकांचा फोन आला, की एका गावातल्या एका शेतकऱ्याच्या मालाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर गेलेत. दोघांचं नाव एक, आडनाव एक, वडिलांचं नावही एक. चुलत-चुलत भाऊ, दोघांच्या बापांना एकाच पूर्वजाचं नाव ठेवलेलं, आणि मग त्या दोघांनी आपापल्या मुलाला गावातल्या एकाच देवाचं. खेड्यात हे नवल नाही. "इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं," मालक म्हणाले. "अण्णांकडून तर नाहीच."

अण्णा म्हणजे त्यांचे दिवाणजी. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, कॉम्प्युटर आल्यावर तो शिकून घेतलेला पण त्याच्यावर विश्वास न टाकलेला माणूस. मी पिंपळगावला गेले तेव्हा त्यांनी आधी चहा मागवला. मग आपली एक्सेल शीट उघडली. कुणीतरी कधीकाळी त्यांना डेटाबेसमधून थेट माहिती ओढणारी शीट करून दिली होती, सगळे कॉलम, जसेच्या तसे. कोडमध्ये शोधून मला ती कशी सापडणार? ती कोडमध्ये नव्हतीच. ती अण्णांच्या डेस्कटॉपवर होती.

"ताई, इथे गावाच्या पुढं खा. पा. होतं," ते म्हणाले. "यंदा उघडलं तर नाही. म्हटलं तुम्ही काही सुधारणा केली असेल."

खा. पा. मधला ठिपका त्यांनी इतका स्वच्छ उच्चारला की माझ्या डोक्यात अकरावीचं पुस्तक उघडलं. मी कॉमर्सची. रोजकीर्द आखायची: तारीख, तपशील, खा. पा., नावे रक्कम, जमा रक्कम. खा. पा. म्हणजे खाते पान. कीर्दीतली ही नोंद खतावणीत, म्हणजे खात्यांच्या वहीत, कुठल्या पानावर नेली, तो आकडा. पेपरात तो रकाना आम्ही कोराच सोडायचो, कारण परीक्षेत खतावणी नसते. मार्क कापले जात नसत.

अण्णांनी कपाट उघडलं. लाल कापडी बांधणीच्या खतावण्या, प्रत्येक गावाची वेगळी. एका शेतकऱ्याला एक पान. वही भरली तर दुसरी, पण माणसाचा आकडा तोच. म्हणून गाव आणि खापा मिळून एक माणूस. वह्या बंद होऊन कॉम्प्युटर आला तरी जुने शेतकरी काट्यावर येऊन नाव सांगत नाहीत, "दोनशे चौदा" म्हणतात. परदेशी जाणाऱ्या मालासाठी ग्रेपनेटवर बागेची नोंदणी असते, तिचा क्रमांक लांबलचक. तो कुणालाच पाठ नसतो. दोनशे चौदा मात्र नातवालाही पाठ असतो.

"मग तुम्ही विचारलं का नाही?" मी विचारलं. आवाज नको तितका चढला होता.

"पंधरा दिवस आठवणीवर चालवलं की," अण्णा म्हणाले. "एकदाच चुकलं."

फॉरेन की असते ना, एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलात कुठे आहे ते सांगणारी किल्ली, ती माझ्यापुढे शाईने लिहिलेली कपाटात पडली होती. डेटाबेसला ती घोषित केलेली असती तर त्याने मला अडवलं असतं. पण दुसरं टेबल कापडी बांधणीत होतं.

दुरुस्ती तशी अवघड गेली नाही. रोजचा बॅकअप आम्ही महिनाभरच ठेवायचो, त्यात खापा नव्हता. पण मार्चअखेरची एक प्रत ऑडिटसाठी वेगळी राखलेली असते. तिच्यातलं 'शेतकरी' टेबल वेगळ्या नावाने बाजूला उतरवलं, नव्याने खापा कॉलम केला, आयडीवरून जुळवून आकडे आणले. कॉलम नव्याने घातला की तो शेवटी जाऊन बसतो. अण्णांच्या शीटला तो गावापुढेच हवा होता, म्हणून 'आफ्टर गाव' असं सांगून जुन्या जागी बसवला. इंडेक्सही परत घातला. मग एक दुपारभर अण्णा खतावणी उघडून पान वाचत गेले आणि मी स्क्रीनवर बोट फिरवत गेले. तीन आकडे चुकीचे निघाले. माझ्यामुळे नव्हे, कित्येक वर्षांपूर्वी वहीवरून उतरवतानाच चुकलेले. अण्णांना ते तीनही माहीत होते.

दिंडोरीचे माझे मामा द्राक्षवाले. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "आम्ही छाटणीआधी काड्या तपासायला देतो." गोडी छाटणीच्या आधी बागेतल्या काड्या प्रयोगशाळेत नेतात, तिथे डोळे चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात की घड कितव्या डोळ्यात आहे. मग कात्री त्याच्या पुढे लावायची. तुमच्यात असं काही नसतं का, असं त्यांनी विचारलं. असतं, मी म्हटलं. कॉलमचं नाव बदलून एक हंगाम थांबता येतं, कोण बोंब मारतो ते बघायला. मायएसक्यूएलच्या ८.०.२३ पासून तर कॉलम नुसता अदृश्य करून ठेवता येतो. सगळे कॉलम मागणाऱ्याला तो दिसत नाही, पण नाव घेऊन मागितला तर मिळतो. मामांना ते फार पटलं नाही. अदृश्य घडाचं काय करायचं, म्हणाले.

खापा परत आल्यावर मी त्याला एक टीप जोडली. मायएसक्यूएलमध्ये कॉलमला कॉमेंट देता येते, टेबलाची घडण काढली की ती शेजारी दिसते. लिहिलं: 'खाते पान. अण्णांना विचारल्याशिवाय काढू नये.' आणि पुढच्या वेळी पिंपळगावला गेले तेव्हा कौतुकाने त्यांना दाखवली.

त्यांनी चष्मा वर करून वाचली. "माझं नाव कशाला? मी काय जन्मभर इथं बसणारे? वह्या डाव्या कपाटात आहेत, एवढं लिहा."

नुसती टीप बदलायची तरी मायएसक्यूएलमध्ये कॉलमची सगळी व्याख्या पुन्हा लिहावी लागते, एखादा शब्द राहिला तर तो नियम गुपचूप गळतो. म्हणून जुनी व्याख्या समोर ठेवून अक्षर अक्षर उतरवली, 'डाव्या कपाटात' घातलं. एंटर मारायच्या आधी ऑफिसला फोन लावला आणि पंचवटीच्या गड्याला विचारलं, कुठलं सिलेक्ट उघडं तर नाही ना.

"थांबा मॅडम," तो म्हणाला. "एक आहे."